कोपऱ्याचा उतार

रोज सकाळी पाणी पिताना मामा भांड्यात एक घोट शिल्लक ठेवायचा. तो घोट पायरीवरून अंगणात ओतायचा आणि पाणी कुठे जातंय ते बघत उभा राहायचा. इतक्या वर्षांत ते कधी दुसरीकडे गेलं नव्हतं. "आज तरी उलटं वाहिलं का हो?" मामी आतून विचारायची. तो हसायचा नाही. पिशवी खांद्याला अडकवून कामावर निघायचा.

मामा लोकांच्या परसात खेळायची कोर्टं करून द्यायचा. कुणाला बॅडमिंटनचं हवं असे, कुणाला बास्केटबॉलचं अर्धं. जमीन खोदायची, खडी भरून रोलर फिरवायचा, जाळी टाकून काँक्रीट ओतायचं, ते पाण्यानं मुरवायचं, मग रबरी फळीनं रंगाचे थर ओढायचे आणि शेवटी चिकटपट्टी लावून पांढऱ्या रेघा मारायच्या. कोर्ट दिसायला सपाट हवं, पण सपाट असून चालत नाही. पाणी एका बाजूला निघून गेलं पाहिजे. "उतार पाण्याला कळला पाहिजे," मामा म्हणायचा, "माणसाला कळला तर तो माझा नाही."

लग्न झाल्यापासून मोजमापाच्या दोरीचं एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं मामीच्या. तिची नजर त्याच्याहून बारीक होती. हे तो तिच्यासमोर कधी कबूल करायचा नाही, आम्हा भाचरांसमोर मात्र दर वेळी करायचा.

मी सांगतेय ते काम बँकेतल्या एका मॅडमच्या घरामागचं. तोवर मामा थकला होता. ओणवा झाला की गुडघ्यांवर हात रोवून उठायचा आणि उठताना जमिनीलाच दोन शब्द सुनवायचा. काँक्रीट मुरल्यावर दोघांनी त्यावर पाणी सोडलं. मामी भिंतीकडच्या कोपऱ्याशी थांबली.

"इथे पाणी थांबतंय."

"तुला सगळीकडे पाणीच दिसतं."

"नाणं ठेवा ना मग."

साचलेल्या पाण्यात नाणं आडवं ठेवायचं आणि ते बुडलं तर तिथे दुरुस्ती करायची, अशी त्यांची पद्धत. मामानं खिसे चाचपले, नाणं नाही म्हणाला आणि विषय संपवला. खिशात नाणं होतं, असं मामी पुढे सांगायची.

त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप उतरला नाही तर लगेच आणा म्हणाले. दोन दिवस मामा घरी राहिला. तिसऱ्या दिवशी तिनंच त्याला घालवलं. "माझ्याकडे बघत बसून काय होणार? रंगाची माणसं खोळंबली असतील. काही वाटलं तर फोन करीन."

तिनं त्याच सकाळी केला. मामाचा फोन मॅडमच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता आणि मामा बाहेर काँक्रीट घासायचं यंत्र चालवत होता. मॅडमनी फोन उचलला.

"त्यांना सांगाल का," मामी म्हणाली, "उतार नाही म्हणून."

तापाचं मॅडमना ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरात महिनाभर कोर्टाच्या उताराशिवाय दुसरं काही बोललंच जात नव्हतं. मुलंसुद्धा जेवताना ताटं तिरकी करून उतार बघायची. त्या खिडकीशी गेल्या आणि यंत्राच्या आवाजावर ओरडल्या, "घरून फोन आहे! उतार नाही म्हणतायत!"

मामाला रागच आला. ही बाई अंथरुणातूनसुद्धा कोपरा सोडत नाही! "कळलं म्हणावं!" तो ओरडला.

मॅडम फोनवर म्हणाल्या, "सांगितलंय हं. लगेच निघाले बघा."

मॅडमना म्हणायचं होतं, कोपऱ्याकडे निघाले.

मामानं कोपऱ्यात पाणी सोडलं आणि नाणं काढून ठेवलं. ते बुडालं. मग तो दिवसभर त्या कोपऱ्याशीच बसला. घासलं, धुतलं, पुन्हा पाणी सोडलं, पुन्हा घासलं. जेवायलाही उठला नाही. काम संपलं तेव्हा त्याला बरं वाटलं, हे त्यानं मला एकदाच सांगितलं आणि लगेच खोलीतून उठून गेला.

घरी आला तेव्हा मामी दाराजवळच्या खुर्चीत होती. पायात चपला, मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेल आणि कपड्यांचा जोड. मान भिंतीला टेकलेली.

"घे, देऊन आलो तुझा उतार," मामा दारातूनच म्हणाला. "आता नाणं ठेव नाहीतर परात ठेव."

मामीनं डोळे उघडले.

"कुणाचा उतार?" तिनं विचारलं.

दवाखान्यात कळलं की न्यूमोनिया दोन्ही बाजूंना पसरला आहे. सकाळी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले, तेही दुसऱ्या कागदावर लिहिता लिहिता. मामी वाचली. पण त्यानंतर चार पावलं चालली तरी तिला धाप लागायची. मॅडमच्या कोर्टावर रेघा मारताना मामानं दोरीच्या दुसऱ्या टोकाला खिळा ठोकला. ते त्याचं शेवटचं कोर्ट. गुडघ्यांमुळे काम सोडलं, असं तो लोकांना सांगायचा.

पुढे मामी हा किस्सा येईल त्याला हसत सांगायची. "मी आपली नटून बसलेय, आणि हे तिकडे कोपऱ्याची सेवा करतायत!" ऐकणारे हसायचे. मामा तेवढ्यात पाण्याचा तांब्या भरून आणायला उठायचा. तांब्या भरलेलाच असायचा.

तो तिला सगळं विचारायला लागला होता. उशी उंच हवी का, खिडकी लावू का, काय म्हणालीस, म्हणजे काय म्हणालीस. ती वैतागायची. "अहो, माणसानं खोकायचंसुद्धा नाही का?" तरी तो विचारायचाच.

मी शेवटची गेले ती दुपार होती. त्यानंतर आठवडाभरात मामाच झोपेत गेला. त्या दुपारी मामी कुशीवर झोपली होती आणि तो शेजारच्या स्टुलावर पाठ वाकवून बसला होता. चेहरा इतका दमलेला की मी फार बसले नाही. येते म्हटलं, त्यानं मान हलवली. दार ओढून घेत होते तेव्हा मामीनं झोपेतच पांघरूण खांद्यावर ओढलं, आणि आतून त्याचा आवाज आला,

"फॅन बारीक करू का गं?"