मेव्हण्याचा क्लॅरनेट आणि करपलेल्या भाकरी

आमच्या मेव्हण्याइतका बिनकामाचा माणूस तिसगावच्या पंचक्रोशीत दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवतो, आणि कुणी विचारलं नाही तरी वाजवतो. क्लॅरनेटच्या तोंडाला वेताची एक पातळ पत्ती असते, ती ओली राहावी लागते म्हणे. म्हणून हा दिवसभर ती तोंडात धरून हिंडायचा. बोलणं बंद, नुसती मान हलवायची. एकदा शेळ्यांच्या बाजारात मनातल्या मनात कसलीशी चाल घोळवत मान डोलवत उभा राहिला. व्यापाऱ्याला वाटलं, सौदा पटला. एक म्हातारी भाकड शेळी याच्या गळ्यात पडली. ती घेऊन घरी आला आणि वर मलाच म्हणाला, "दाजी, तिचा आवाज लई सुरात हाय."

वरातीत नाचणाऱ्यांचे पाय तालात पडेनात, की हा वाजवायचं थांबवून त्यांच्याकडं नुसता बघत राहायचा. नवरदेव घोड्यावर ताटकळलेला. अशाला सुपारी कोण देणार? पुढं डीजेचे टेम्पो आले आणि होतं नव्हतं तेही काम गेलं. मग दर भाऊबीजेला हा आमच्याकडं यायचा, ओवाळून घ्यायचा, आणि क्लॅरनेट खुंटीला अडकवून म्हणायचा, "आक्का, सोडलं आता. कुनासाठी फुंकायचं?"

ती म्हणायची, "सोड की. जाता जाता एक वाजव, आन मग सोड."

हा वाजवायचा, तिच्या तोंडाकडं बघायचा, आणि क्लॅरनेट काखोटीला मारून आणखी वर्षभर फुंकायला मोकळा. पण त्या एका गाण्यापायी ती तव्यापुढं हात थांबवून बसायची आणि भाकरी करपायची. जन्मभर मी तसल्या भाकरी खाल्ल्या. बोललो तर म्हणायची, "तुमच्या कानाला न्हाई कळत, जिभंला तरी कळू द्या."

ती गेली चैत्रात. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघत बसलो. बाभळीवरून एक उतरायला लागला होता. तेवढ्यात ह्या शहाण्यानं पिशवीतून क्लॅरनेट काढून बहिणीच्या आवडीची चाल सुरू केली. कावळा काय, ओढ्यातली टिटवीसुद्धा उडाली. वाजवणं थांबल्यावरही, ऊन डोक्यावर येईतो, एक पाखरू फिरकलं नाही. शेवटी पिंड गाईला चारला. मी चारचौघांत म्हणालो, "जितेपनी मला करपकं चारलंस, आन मेल्यावर तिला उपाशी ठेवलंस."

बोलायला नको होतं. त्यानं तोंडातली पत्ती काढली आणि ओढ्यात टाकली.

तेव्हापासून तो लोकांची जनावरं राखू लागला. तोंड रिकामं झालं तर दोन शब्द बोलेल म्हटलं, पण अजून मानच हलवायचा, आणि तीही तालावाचून. असला कळाहीन गुराखी जनावरांनीसुद्धा कधी पाहिला नसेल.

यंदा भाऊबीजेला आला. ओवाळायला कुणी नव्हतं. उंबऱ्यात जरा घुटमळला, मग क्लॅरनेट खुंटीला अडकवून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हितंच, दाजी. आक्काला माझं वाजवनं नको हुतं. कावळा शिवला न्हाई."

माझं डोकं फिरलं. "येड्या, कावळा भ्याला तुझ्या सुराला. ती कधी भ्याली व्हय? तू फुंकायला लागलास की तव्यावरच्या भाकरीकडं तिचं ध्यान नसायचं, ती पिंडाकडं बघंल? ऐकत बसली असंल."

तो जायला उंबऱ्याकडं वळला. मग मलाच म्हणावं लागलं, "सोडायचं तर सोड. जाता जाता एक वाजव."

त्यानं खिशातून नवी पत्ती काढून तोंडात घातली. सोडलेल्या माणसाच्या खिशात नवी पत्ती कशाला लागते, ते मी विचारलं नाही.

तो वाजवत होता तोवर मी चुलीपुढं बसून भाकरी टाकली. चाल कुठली होती, मला आजही सांगता यायची नाही. भाकरी करपली. दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली. मला जमत नाही म्हणून करपली, दुसरं काही नाही.