बनुबाईचा सेट

विट्याजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस परमुलखात सोनं गाळायला गेलेला. ही माणसं दिवाळीला येतात तेव्हा नवे शब्द घेऊन येतात. ‘सेट’ त्यातलाच. पोरगं सेट झालं. सोफ्याचा सेट आला. रुखवतात कपबश्यांचा सेट मांडला. कुणाशी बिनसलं तर ‘त्याला सेट करतो बघ.’

शेजारच्या बनुबाईला हा शब्द एकाच कामासाठी हवा होता. तिच्या तोंडात दात नव्हते. मी तिला विट्याला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “आजी, वरखाली पूर्ण सेट बसवावा लागेल.”

येताना एसटीत म्हातारी खुशीत होती. “माझं अर्जुना कोइमतूरला सेट झालं. आता मी बी सेट व्हनार गं!”

येत्या वैशाखात नातीचं, शिवांजलीचं लग्न होतं. त्याआधी दात हवेत, एवढंच तिचं म्हणणं. “पावन्यांम्होरं पंगतीत मी भाकरी कुस्करत बसू व्हय? नातीच्या लग्नात पोळी चावून खानार हाय मी.”

दिवाळीला अर्जुना आला. तिनं ओट्यावरच विषय काढला.

“आई, आधी शिवांजलीचा सेट हुदे, मग तुझा.”

“तिला कशाला? तिचं दात तर मोत्यावानी हायती.”

“गळ्यातलं, कानातलं गं! तुझं डोरलं काढ. कपाटात नुसतं पडलंय.”

सून संयोगिता आतून म्हणाली, “आन् आत्याबाई, तुमाला दात बसवून काय हुरडा खायचाय? दूध-भाकरी मिळतीया की.”

सगळे हसले. बनुबाईही हसली, पदर तोंडाला लावून. डोरलं तिनं दिलं. मात्र त्यातला एक सोन्याचा मणी आधीच काढून पदराच्या गाठीत बांधला होता.

मार्गशीर्ष लागला तशी ती खंगायला लागली. संयोगिता शिळी भाकरी ताटात टाकायची आणि दूध द्यायचं विसरायची. “चावा सावकाश, तुमाला कुठं जायचंय?” म्हणायची. बनुबाई तुकडा तोंडात घोळवत बसायची आणि शेवटी कुत्र्याला टाकायची.

एका गुरुवारी ती माझ्या दारात आली. गाठ सोडून मणी माझ्या हातावर ठेवला. “डाक्टरला दे. म्हनावं एवढ्यात वरची कवळी तरी बसव. खालची मागनं बघू.”

माझ्या घरी महालक्ष्मीचा घट मांडलेला. मी म्हटलं, “मावशी, पुढचा शेवटचा गुरुवार. उद्यापन झालं की लगेच जाते.”

“जा की. धा वर्सं थांबले, आठ दिसांनी काय हुतंय?”

मणी मी देवापाशी ठेवला. रोज त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

उद्यापनाच्या दिवशी मी सवाष्णींना ओवाळत होते, तेव्हा शिवांजली धावत आली. “काकी, आजी कशी तरीच करतीया.” मी पोचले तोवर डोळे फिरले होते. संयोगितानं गंगाजळ आणि तुळशीचं पान आणलं. “सोनं कुठाय? तोंडात सोनं घालाय पायजे,” असं कुणीतरी म्हणालं. सगळं सोनं तर सेट घडवायला कोइमतूरला गेलेलं. मी घरी गेले आणि देवापुढचा मणी आणून तिच्या तोंडात ठेवला. तोंड एवढंसं झालं होतं. हिरडीवर मणी ठरेना, म्हणून पान वर ठेवून दाबला.

तिसऱ्या दिवशी सगळे सावडायला गेलो. अर्जुना विमानानं आला होता. त्यानं विचारलं, “काकी, तोंडात सोनं घातलेलं का?”

“घातलं होतं. एक मणी.”

त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. डोक्याकडची राख घमेल्यात घेतली, येरळा नदीचं पाणी घातलं आणि घमेलं गोल फिरवू लागला. दुकानात भट्टीची राख धुतात, तसंच. वरचं पाणी ओतायचा, पुन्हा भरायचा. हाडाचे बारीक तुकडे बोटानं बाजूला सारायचा. निवदावर कावळा बसून उडूनही गेला. बघणारे सगळे त्याच धंद्यातले.

त्याचा चुलता गुंडा कौतुकानं म्हणाला, “हात लय बसलाय गड्या पोराचा.”

शेवटी तळाशी ज्वारीएवढा थेंब राहिला. अर्जुनानं तो धोतराच्या सोग्याला पुसला.

“सोनं जळत न्हाई, काकी. जातंय कुठं? शिवांजलीच्या सेटात घालतो. आईचा आशीर्वाद म्हनून.”

तो मणी दातांचा होता, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आठ दिवस तो माझ्याकडे का होता, तेही सांगावं लागलं असतं.

वैशाखात लग्न झालं. सेट सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. शिवांजली पाया पडायला वाकली तेव्हा तो माझ्या पायांवर लोंबला. मी तिला आशीर्वाद दिला. मग पंगतीत बसले आणि दोन पोळ्या खाल्ल्या, नीट चावून.