शेवटच्या रांगेतला हात

मामांना मी कधी ओरडताना ऐकलं नाही. आमच्या नाटकमंडळीत न ओरडणारे ते एकटेच. बाकी आम्ही सगळे घसा फाडायचो. मामा शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलायचे आणि ते थेट बाल्कनीत पोचायचं. रेडिओवरच्या जाहिरातीत तोच आवाज, रिक्षावरच्या भोंग्यात साड्यांच्या सेललाही तोच. अर्ध्या संभाजीनगरनं त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण आवाज सगळे ओळखायचे.

हे शिकलात कुठं, असं मी एकदा विचारलं.

"पिशोरच्या माळावर. बा मेंढरं राखायचा. वरडलं की मेंढरं बिचकतात बाई. आवाज लांब तर गेला पायजे, पण त्यांना भ्या नाय वाटलं पायजे."

मला वाटलं, माझी फिरकी घेतायत. तसं नव्हतं.

प्रयोगाआधी ते मला रिकाम्या थिएटरात शेवटच्या रांगेत बसवायचे आणि स्टेजवरून हळूच विचारायचे, "जेवलीस का?" ऐकू आलं की मी नुसता हात वर करायचा. एकदा मी चिकलठाण्याच्या कंपनीतून दमून आले होते. लक्ष नव्हतं, उगाच हात वर केला.

"मी अजून बोललोच नाय," मामा म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "त्या खुर्चीवाल्यानं पण तिकीट काढलेलं असतं. त्याला फसवू नको."

मग मामांना घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी रडत बसले, तर मलाच दटावलं, "घसा बसंल तुझा. माझं काम आता तुलाच करायचंय." नाटकात मामा करायचे त्या आंधळ्या बापाची मंडळींनी आंधळी आई केली आणि ती माझ्या गळ्यात पडली. माझ्याच्यानं होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

प्रयोगाच्या दिवशी थिएटर रिकामं असतानाच मामा गळ्याला मफलर गुंडाळून आले आणि सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसले. मी स्टेजवरून विचारलं, "मामा, जेवलात का?" आवाज रडवेला, कुठला पोचतोय! हात वर आला नाही. मोठ्यानं विचारलं. तरी नाही. आणखी मोठ्यानं विचारलं. बाहेरच्या पानवाल्यालाही ऐकू गेलं असेल, पण मामा ढिम्म. मला खरंच राग आला.

मग लक्षात आलं, मी ओरडत होते. मामांच्या लेखी ते पोचणं नव्हतंच.

थांबले. श्वास घेतला. समोर खुर्च्या नाहीत, मेंढरं आहेत असं समजले आणि हळू विचारलं, "मामा, जेवलात का?"

हात वर आला, आणि बराच वेळ तसाच राहिला.