धोंडबाची चार शीलं

रविवारी वस्तीच्या विहारात वंदना व्हायची आणि धोंडबा चार शीलं म्हणून गप्प बसायचा. जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, इथवर त्याचा आवाज सगळ्यांच्या वर. पाचवं शील दारूचं. ते आलं की तो तोंड मिटून मूर्तीकडे पाहत राही आणि बाकीची वस्ती ते म्हणून टाकी. पाचवं म्हटलं तर चौथं मोडतं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

छप्पन साली दीक्षेच्या मैदानात त्यानं पाचही घेतली होती, आणि त्या दिवशी ती खरीच होती. पुढे तो कापडाच्या मिलमध्ये लागला. पाळी सुटली की घशात कापूस आणि अंगात साच्यांची, म्हणजे मागांची, थरथर घेऊन माणसं मोहाच्या दारूच्या भट्टीकडे वळत; त्यात सगळ्या जातीधर्मांचे लोक होते. वस्तीत पुष्कळांनी दारू खरोखर सोडली. धोंडबाला ते जमलं नाही, आणि जमलं असं सांगणंही जमलं नाही.

पानठेल्यावरचा ओमप्रकाश त्याला रोज टोची. "काहून गा धोंडबा, देव मानत नाही म्हणता, मंग मूर्तीपुढं हात काहून जोडता?"

"बापाच्या फोटोले तू हार घालतं. बाप देव झाला का?"

"आत्मा नाही म्हणता. मंग पुढचा जन्म कोणाचा?"

"मले नाही समजलं अजून. याच जन्माचं निस्तरून राहिलो."

"अन् जीव मारत नाही, तं रविवारी मटन कसं?"

"त्याले जबाब नाही गा माह्यापाशी. आवडते."

अशा माणसाच्या पोरीला, पुष्पलतेला, अजनीचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत. त्याचा बाप मनोहरराव विहाराविहारातून व्याख्यानं देणारा, आणि दारूचं नाव काढलं की अंगाचा तिळपापड होणारा. थोरल्या मुलाची सोयरीक त्यानं साक्षगंधाच्या दिवशी मोडली होती, व्याह्याच्या तोंडाला वास आला म्हणून. इथं त्यानं हुंडा नको म्हटलं, बँड नको म्हटलं. मागितलं एकच: मांडवात पंचशील मुलीच्या बापानं सांगायचं आणि सगळ्यांनी मागून म्हणायचं. धोंडबा चारवर थांबतो हे त्याला कोणी सांगितलं नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. आणि दुसऱ्यानं सांगू नये असंही वाटलं.

"म्हणून टाका नं," त्याची बायको इंदूबाई म्हणाली. "एक ओळ तं हाये."

"एकच हाये, म्हणून तं जड जाऊन राहिली."

रात्रशाळेत शिकून पुष्पलता मॅट्रिक झाली होती आणि मुलगा तिला आवडला होता, हे तिच्या न बोलण्यातूनच धोंडबाला कळलं.

लग्नाच्या दिवशी त्यानं चार शीलं खणखणीत सांगितली. मांडवानं मागून म्हटली. मग तो थांबला. वस्तीतल्या बायांनी एकमेकींचे हात धरले. मनोहरराव डोळे मिटून, हात जोडून वाट पाहत होता. पांढऱ्या लुगड्यातली पुष्पलता खाली मान घालून उभी होती.

धोंडबानं पाचवं सांगितलं. अडखळला नाही. इंदूबाईचा जीव भांड्यात पडला. मनोहररावानं सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "असा व्याही मिळायले नशीब लागते." नशीब न मानणाऱ्या माणसाच्या तोंडून ते निघून गेलं खरं, पण त्या दिवशी कोणी कोणाचं बोलणं तपासत नव्हतं.

नंतर धोंडबानं मनापासून प्रयत्न केला. काही दिवस त्यानं तोंडाला लावली नाही. मग हात इतके कापायला लागले की साच्यावर तुटलेला धागा जोडता येईना, आणि जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, दोनदा हटकलं. त्या संध्याकाळी तो भट्टीवर गेला.

पुष्पलता पहिल्यांदा माहेरी आली, तो रविवार होता. विहारात ती बापाच्या मागेच बसली. धोंडबानं पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं आणि तोंड मिटलं. चौथं आणि पाचवं वस्तीनं म्हटलं. मागचा पुष्पलतेचा आवाज मधेच बंद पडल्याचं त्याला ऐकू आलं. त्यानं वळून पाहिलं नाही.

घराकडे जाताना ती म्हणाली, "माह्यासाठी खोटं बोलले नं तुम्ही, बाबा?"

"हो. त्याचं मले वाईट नाही वाटत. पन मंग चौथं कोणत्या तोंडानं म्हणू?"

"मंग दारूच सोडून द्या नं."

धोंडबा चालत राहिला. लेकीला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं, असं त्याला फार वाटलं.

"सोडतो म्हणून सांगू का तुले, वं?" तो म्हणाला. "एक खोटं तुह्यासाठी बोललो. दुसरं तुह्याशी कसं बोलू?"

पुष्पलता भर रस्त्यात रडायला लागली, आणि धोंडबा तिच्याशेजारी उभा राहिला.