सावंतकाकांचं शांत ओपनिंग

आईशप्पथ, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. निदान माणसं खरी आहेत. बरं, एक-दोन ठिकाणी मी रंगाचा हात मारलाय, पण भिंत खरी आहे!

लालबागला आमच्या मंडळाची खोली आहे. गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर तिथे संध्याकाळी बुद्धिबळ चालतं. कोपऱ्यात ढोल उपडे, मध्ये पट, खिडकीतून दळलेल्या मसाल्याचा वास. अशा खोलीत किस्से धुळीसारखे साचतात. कोणी आणत नाही, कोणी झाडत नाही.

*

सावंतकाका म्हणजे आमचा तोफखाना. पांढरी सोंगटी हातात आली की पाच-सहा चालींत घोड्याचा बळी ठरलेला! तो देताना काका पट हादरवून ओरडायचे, "घे!" खालचा चहावाला किटली न हलवता गिऱ्हाईकाला सांगायचा, "गेला एक घोडा."

मग काकांच्या हृदयात स्टेंट बसला. डॉक्टर सहज म्हणाले, "खेळा, पण शांतपणे." त्या सहज बोलण्याचा काकूंनी कायदा केला.

"कपाळार घाम दिसलो की पट माळ्यार. मगे खाली येवचो नाय!"

काकांचा चेहरा असा झाला, की वाटलं कोणी स्टेंटच परत मागितला.

*

तोडगा काढला मिलिंद कांबळेने. मिलिंद बँकेत आहे. रोज फोनवर एक नवं ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, शिकतो आणि रोज त्यातच हरतो.

"काका, वजिरापुढचं प्यादं दोन घरं. मग वजिराशेजारचा उंट बाहेर. मग दोन-तीन प्यादी एकेक घर, सावकाश. समोरचा काहीही खेळू दे, आपण हेच. पाठांतर नाही, टेन्शन नाही. पुस्तकात याला लंडन म्हणतात."

काकांनी पटाकडे बघितलं. "ह्यां काय रे? ह्यां तर जेवल्यावर हात धुतल्यासारख्यां!"

मागून काकूंचा आवाज आला, "ह्यांच खेळायचां."

ओपनिंगची निवड अशी झाली. आता यावर मोठमोठे खेळाडू म्हणे महिनोन् महिने विचार करतात!

*

दुसऱ्या दिवसापासून काकू मटार सोलायला खोलीतच बसू लागल्या. पटाकडे ढुंकून बघायच्या नाहीत. नजर काकांच्या कपाळावर. मध्येच दोन बोटं काकांच्या मनगटावर ठेवायच्या.

एकदा समोर मिलिंद होता. काका त्यांची ती प्यादी एकेक घर सरकवत होते, जसं कोणी झोपलेल्या माणसाच्या अंगावर चादर सरकवतं. मिलिंदला काही सुचेना. कुठे हल्ला करायचा? समोर कोणी भांडतच नाही! काकूंनी काकांची नाडी बघितली, मग काय वाटलं कोण जाणे, मिलिंदचा हात धरला.

"अहो, ह्या झिलाची धडधड बघा! ह्याकाच न्हेया डॉक्टरकडे."

मिलिंदने तिथल्या तिथे बरोबरी मागितली.

*

हळूहळू खोलीच बदलली. काकांचा डाव मांडला की सगळे कुजबुजत बोलायचे. खिडकीतलं पिवळं ऊन पांढऱ्या प्याद्यांवर येऊन थांबायचं आणि पुढे जायला विसरायचं. रस्त्यावरचे हॉर्न कुठल्या तरी दुसऱ्या गावात वाजताहेत असं वाटायचं. कबुतरं ढोलांवर येऊन बसायची, तीसुद्धा जोड्या जोड्यांनी, पांढरी एकीकडे, काळी एकीकडे.

शेजारच्या सुलभावहिनी नातवाला घेऊन यायला लागल्या. "घरी पाळण्यात टिकत नाही हो. इथे पडल्या पडल्या झोपतो." बाळ ढोलाला टेकवलेल्या गोधडीवर झोपायचं आणि काकांचा उंट बाहेर आला की झोपेत हसायचं.

एकदा मला पांढरी सोंगटी मिळाली. मी आपला जुन्या पद्धतीने घोडा बळी दिला. बाळाने टाहो फोडला! तेव्हापासून मला कोणी पांढरी देत नाही.

*

शिवाजी पार्कहून एक निवृत्त इंजिनिअर आले होते. इस्त्रीचा शर्ट, सगळी ओपनिंग तोंडपाठ. काकांची ती साधी चाल बघून ते विचारात पडले. यात काहीतरी डाव असणार! विचार करता करता चहा गार झाला. काका डोळे मिटून शांत घोरत होते. अखेर साहेबांनी चाल केली. आम्ही काकांना हलवलं. त्यांनी डोळे न उघडताच पुढचं प्यादं एक घर सरकवलं.

साहेब डाव सोडून उठले, हात मिळवला, म्हणाले, "एवढा आत्मविश्वास मी पाहिला नाही."

*

आणि मग चिंचपोकळीच्या टीमशी मॅच. शेवटचा डाव काकांचा, पांढरी सोंगटी, पुन्हा तेच शांत ओपनिंग. सगळं नेहमीसारखं तरंगत चाललं होतं. आणि अचानक, कोणी न बोलावता, एक संधी आली.

दुसरा उंट थेट काळ्या राजाशेजारच्या प्याद्यावर. बळी! मला दिसला. मिलिंदला दिसला, त्याने माझं कोपर दाबलं. काकांना तर तो आमच्या आधीच दिसला असणार. त्यांचा हात उंटापर्यंत गेला आणि परत मांडीवर आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. उंटाचा बळी दिला तर पुढे तुफान, आणि तुफानात घाम. घाम आला की पट माळ्यावर, कायमचा. शेजारी एक सुरक्षित प्यादं होतं, एक घर सरकवायचं. काकांनी त्याच्यावर बोट टेकवायला घेतलं.

काकूंनी मटाराची परात खाली ठेवली. आयुष्यात कधी पट न बघितलेली बाई पुढे वाकली आणि हिरवं झालेलं बोट बरोबर त्या काळ्या राजाशेजारच्या घरावर ठेवलं.

"हयसर."

चिंचपोकळीवाला उसळला. "ओ काकू! बाहेरच्यांनी बोलायचं नाही हां!"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. "मी भायली?"

काकांनी उंट उचलला.

"घे!"

ढोल घुमले. खालून चहावाल्याचा आवाज आला, "आज उंट काय?" आणि चार चालींत मात!

आता खरं सांगतो. मात झाली हे मी रचलेलं. उंट फुकट गेला, डाव हरलो, मॅचही गेली. काकांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, काकू त्या पदराने टिपत होत्या आणि म्हणत होत्या, "उद्या परत मांडा."

काकूंचं बोट मात्र खरंच त्याच घरावर होतं.