धाकट्याचा डावा गाल

पन्नाशी उलटली, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी सलूनात सगळे त्याला धाकटाच म्हणत. सलून दादाचं, आणि दादा असेपर्यंत त्याला मोठं व्हायची सोय नव्हती. काचेच्या दाराजवळची उजेडाची खुर्ची दादाची. तालेवार गिऱ्हाइकं तिथेच बसत. आतली, पंख्याखालची खुर्ची धाकट्याची.

या पंख्याने त्याचा जीव नकोसा केला होता. त्याच्या डाव्या गालातली नस बिघडली होती. वारा लागला की कानापासून हनुवटीपर्यंत सणकन कळ जाई आणि हातातला वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर तसाच थांबे. गिऱ्हाईक श्वास रोखून धरी. पंखा बंद केला तर लोक घामाने हैराण होत. म्हणून धाकट्याचं मागणं एवढंच होतं, की खुर्च्या बदलून घेऊ.

दादा त्याचा चेहरा उजेडात धरून निरखायचा. सूज नाही, लाली नाही, साधी पुटकुळी नाही. आपला सारा जन्म लोकांच्या गालांवर गेला, तेव्हा गालांच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये, असं तो चारचौघांत ऐकवी. दिसत नाही ते दुखणं म्हणजे कामचुकारपणा, हे त्याचं निदान. गिऱ्हाइकं ते मान्य करत. गळ्यावर दादाचा वस्तरा असताना दुसरं करणार काय?

डॉक्टरांनी धाकट्याला दोन मलमं दिली. एक गाल बधिर करणारं, दुसरं चक्क मिरचीच्या अर्काचं. हे आधी भाजतं, मग रोज लावत राहिलं की नसेचा आरडाओरडा हळूहळू कमी होतो, असं ते म्हणाले. लावल्यावर हात साबणाने धुवायचे, हेही त्यांनी बजावलं. धाकटा कळ नसेल ती वेळ साधून, तान्ह्या मुलाला हात लावावा तशा हलक्या बोटाने मलम लावी. बाईसाहेबांचा नट्टापट्टा चाललाय, असं दादा म्हणे.

एका सकाळी त्याने मिरचीचं मलम लावलं न लावलं तोच दादाने हाक मारली. दुकान उघडण्याआधी दादाची दाढी रोज धाकट्याने करायची आणि वर क्रीमने गाल चोळून द्यायचे. दादाला थांबणं ठाऊक नव्हतं. धाकट्याने घाईघाईत बोटं टॉवेलला पुसली, दाढी केली आणि ताज्या गालांना मनापासून मालिश केलं.

थोड्याच वेळात दादा कोकलत उठला. गाल लालबुंद. वहिनी बर्फ घेऊन धावत आली, शेजारचा शिंपी डॉक्टरांना फोन लावू लागला. लाली दिसत होती, मग शंका कसली? बोटांवर राहिलेलं मलम धाकट्याच्या ध्यानात आलं. आपली चूक सांगायला त्याने तोंड उघडलं.

"तू गप्प बस," दादा विव्हळला. "गालाचं दुखणं काय असतं, तुला नाही कळायचं."

धाकट्याने तोंड मिटलं. मिटतानाही कळ आलीच.

दादा धडपडत पंख्याखाली जाऊन बसला. वाऱ्याने त्याला बरं वाटलं. आजपासून मी इथे बसणार, तू दाराजवळ जा, असं त्याने फर्मावलं. त्या दिवशी धाकट्याचा वस्तरा एकदाही थांबला नाही. इतकं बरं वाटलं की त्याला रडू आलं. दादा मात्र पंख्याखालून येणाऱ्याजाणाऱ्याला नसांवर व्याख्यान देत होता. भावाच्या दुखण्यासाठी आपण जागा सोडली, हेही त्याने दुपारपर्यंत ठरवून टाकलं.

रात्री गाल निवले. सकाळी दादा दाराजवळच्या खुर्चीत ऐसपैस बसला आणि दाढी झाली की आपल्या जागी जा म्हणाला.

"दादा, ही खुर्ची राहू दे ना मला. पंख्याखाली फार दुखतं रे."

"काय धाड भरलीय तुला? गाल तर छान दिसतोय."

धाकट्याने आरशात पाहिलं. खरंच छान दिसत होता. त्याने दादाच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला, बाजूला जाऊन आपल्या गालाला मिरचीचं मलम लावलं आणि साबण घेऊन नळाकडे निघाला. अर्ध्या वाटेत तो थांबला. मग साबण जागच्या जागी ठेवून दादाची दाढी करायला परत आला.