छपराची ट्रायल

आमच्या सासूबाईंनी बागेत लाकडांसाठी छप्पर आणि त्याला चिकटून स्वतःच्या कामाची खोली बांधली, आणि पक्की करायच्या आधी तिची ट्रायल घेतली. हो, ट्रायलच. कोटाची घेतात तशी. मी दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिथे हे सांगायला लागले की पेशंट आपली दाढ विसरून खुर्ची पुढे ओढतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट सांगूनच टाकावं. माझ्या नवऱ्याकडून ऐकलंत तर तो निम्मं गाळेल, कारण त्या निम्म्यात त्याची फजिती आहे.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आयुष्यभर कपडे शिवले. घर एवढंसं. मशीन कशीबशी खिडकीखाली मावली, कापायच्या टेबलाला जागाच नव्हती. मग सगळी भांडी आवरून झाली की त्या स्वयंपाकघराची फरशी पुसायच्या, गुडघे टेकायच्या आणि तिथेच कापड पसरून कात्री चालवायच्या. पँटी, शर्ट, शाळेचे गणवेश, गल्लीतल्या निम्म्या लोकांची कापडं त्या फरशीवरून गेली. लहान मुलांचं काही शिवायचं असलं की त्या ते वाढत्या अंगाचं शिवायच्या. आत मार्जिन भरपूर ठेवायचं, पोरगं उंच झालं की उसवायचं, सोडायचं, पुन्हा टीप मारायची. नवऱ्याची एक निळी पँट म्हणे त्याच्याबरोबर वाढत वाढत शाळा संपेपर्यंत पोचली. त्या पँटीचा राग त्याच्या मनात अजून आहे.

मग गुडघे गेले, नजर अधू झाली, सुईत दोरा जाईना. मशीन एका शिकाऊ मुलीला देऊन टाकली. आम्ही या बागेच्या घरात राहायला आलो आणि नवरा म्हणाला, "आई, आता आराम कर." तो प्रेमानेच म्हणाला, पण दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की मलाच दमायला व्हायचं. आई खिडकीशी बसून राहायच्या. त्यांचे ते सतत काही ना काही करणारे हात नुसते मांडीवर पडलेले असायचे.

आणि मग बागेतली तुती पडली.

जुनं झाड होतं, वाऱ्याने मुळासकट आडवं झालं. नवऱ्याने लाकूडवाल्याला बोलावलं आणि सगळंच घेऊन जा म्हणून सांगून टाकलं. लाकूडवाला करवतीचं मशीन घेऊन आला. फांद्या तोडल्या, आणि न्यायला सोपं पडावं म्हणून खोडाच्या तिथेच उभ्या फळ्या पाडायला लागला. पहिली फळी सुटून गवतावर पडली. आतून पिवळीधमक! हळद सांडावी तशी. मी नुसती बघत राहिले. आई खिडकीतून कधी उठल्या, चपला न घालता बाहेर कधी आल्या, कळलंच नाही. त्यांनी फळीवरून हात फिरवला, अगदी भारी कापडावरून फिरवतात तसा.

"पन्हा मोठा आहे," त्या कापडाची रुंदी सांगावी तशा म्हणाल्या. "ही फळी कुठे जायची नाही."

"आई, काय करणार तिचं?" नवरा म्हणाला.

"टेबल. एकच सलग. मध्ये जोड नाही. आयुष्यभर गुडघ्यावर बसून काम केलं, आता मला उभं राहून करायचंय."

"आणि त्यावर शिवणार काय?"

"शिवणार कशाला? लाकडाचं काहीतरी करीन. लाकडात दोरा ओवावा लागत नाही."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. फळ्या ठेवणार कुठे, ताडपत्रीखाली किती दिवस टिकणार, पावसात कुजतील, वगैरे त्याने सगळं ऐकवलं. लाकूडवाला मशीन बंद करून ऐकत होता. माणूस भला, पण लाकडाच्या बाबतीत कडक. म्हणाला, "मावशी, चांगलं लाकूड उघड्यावर कुजलेलं मला बघवत नाही. पावसाच्या तोंडावर येतो. फळ्या पक्क्या छपराखाली असल्या तर तुमच्या. नसल्या तर गाडीत घालून नेणार. चालेल?"

"चालेल," आई म्हणाल्या. नवऱ्याच्या होकाराची कुणी वाटच पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्यात टेप, कानावर खडू, अशा अवतारात आई चहा घेऊन माझ्यापुढे उभ्या. "हात वर कर," म्हणाल्या. माझं माप घेतलं. मग नवऱ्याला दाढी करता करता गाठून त्याचं घेतलं. खांदे, उंची, कोपरापासून जमिनीपर्यंत. दार किती रुंद हवं, खिडकी किती उंचीवर, मधल्या वाटेत दोन माणसं एकमेकांना धक्का न लागता कशी जातील, सगळं अंगाच्या मापावर. शेजारचे ड्रायव्हरकाका, आयुष्यभर बस चालवून घरी बसलेले, ते कुंपणावरून बघत होते. त्यांचंही माप घेतलं. काका इतके खूश झाले की त्यांनी एका पाडलेल्या गोदामाचे वासे, पत्रे आणि जुन्या फळ्या स्वस्तात मिळवून दिल्या, वर स्वतःचं ड्रिल आणि स्वतःला पण दिलं.

आणि काम सुरू झालं! काय सांगू, घराला वारं लागलं होतं. मी दवाखान्यातून धावत यायची, पर्स फेकायची आणि थेट बागेत. आईंनी खडूने खुणा करायच्या, काकांनी करवत चालवायची, मी धरायचं. माझ्या हातांना फोड आले आणि ते मी सगळ्यांना मिरवून दाखवले. आईंचा आवाज तर असा सुटला होता की कुंपणापलीकडच्या लोकांना आमचा सगळा हिशेब कळत होता. "काका, खुणेवर नाही, खुणेच्या बाहेर! मार्जिन सोडा, मार्जिन!"

प्रत्येक लाकडाला मार्जिन. भिंतींच्या फळ्या एकीवर एक चढलेल्या. वरचे पत्रे दोन्ही टोकांना बाहेर आलेले. आणि छप्पर पेलणारे ते दोन लांब वासे तर शेवटच्या खांबांच्या पुढे हातभर लोंबत होते. त्यांच्यावर डोकं आपटून मी दोनदा चांदण्या पाहिल्या. मग रागाने त्यांना टॉवेल वाळत घालायला लागले.

खिळा मात्र एकही मारू दिला नाही. "स्क्रू. उसवता आलं पाहिजे." खांब नुसते दगडांवर टेकवलेले, सिमेंट शेवटी. आधी सगळा सांगाडा सुतळीने आणि जुन्या कापडाच्या पट्ट्यांनी बांधला. हे कच्चे टाके. मग आम्हाला आत उभं केलं. "हात पसर. वाक. आता वळ. काका, तुम्ही दारातून या. कुठे काचतंय?" मला हसू आवरेना. पण खिडकी खरंच थोडी खाली हवी होती, ती त्यांनी तिथल्या तिथे खाली घेतली. मग पट्ट्या सोडून स्क्रू बसले.

नवरा संध्याकाळी येऊन कंबरेवर हात ठेवून बघायचा. या माणसाला कुठलीही गोष्ट बाहेर आलेली सहन होत नाही. पुस्तकं फळीच्या कडेला रेघेत लावतो, टूथपेस्ट घडी घालून दाबतो. "आई, ते वासे तरी काप. छपराला मिशा फुटल्यासारखं दिसतंय."

"राहू दे."

"पण कशासाठी?"

"मला काय माहीत कशासाठी? माहीत असतं तर त्याला मार्जिन म्हटलं असतं का?"

ठरलेल्या सकाळी, लाकूडवाला यायच्या आधी, आम्ही ताडपत्री काढली. पहिली फळी उचलायला मी आणि नवरा एका टोकाला, काका आणि आई दुसऱ्या टोकाला. गात नव्हतो एवढंच. छपराच्या समोरच्या उघड्या बाजूने फळी आत घेतली, एक टोक खोलीलगतच्या मधल्या भिंतीला टेकलं, आणि दुसरं टोक शेवटच्या भिंतीच्या बाहेरच राहिलं. तिरकी करून पाहिली. उभी करून पाहिली. काही केल्या बसेना. फळी लांब होती.

आई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी पन्हा मापला. लांबी मापलीच नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कापड ठेवायला त्याची लांबी कोण मोजतं? कापड जेवढं असेल तेवढं असतं, घडी घातली की कपाटात जातं. विचारायचा तो पन्हा. त्यांनी मला मापलं, नवऱ्याला मापलं, ड्रायव्हरकाकांची ढेरीसुद्धा मापली. ट्रायलला आम्ही सगळे होतो, फळ्या तेवढ्या नव्हत्या.

आणि नेमकी त्याच वेळी फाटकापाशी गाडी थांबली.

लाकूडवाला आत आला. छपराकडे पाहिलं, खांब हलवून पाहिला, मान डोलावली. मग गवतावर पडलेल्या फळ्यांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "मावशी, काम छान आहे. पण ठरलं होतं ते ठरलं होतं."

"एक मिनिट," नवरा म्हणाला. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचं कौतुक वाटलं, कारण तो करवत घेऊन आला होता आणि घामेजला होता. "फळ्या कापू या. हातभर कमी केल्या की बसतील. आई, खूण कर."

आईंनी खडू कानावरून काढला. फळीवर वाकल्या. खडू टेकवला. आणि तशाच थांबल्या. कापलेली फळी म्हणजे आखूड टेबल, आखूड टेबल म्हणजे पुन्हा घड्या, पुन्हा तोच कोपरा. हे मला दिसत होतं. मला रडूच येणार होतं. डोळे पुसायला मी वाशावरचा टॉवेल ओढला.

आईंची नजर टॉवेलवरून वर गेली. वाशाच्या त्या हातभर टोकावर. मग पत्र्याच्या टोकावर. मग पुन्हा वाशावर.

"उसवा," त्या म्हणाल्या.

"काय?" नवरा.

"अरे, ही शेवटची भिंत उसवा! स्क्रू काढा, खांब बाहेर सरकवा, वाशाच्या टोकापर्यंत! पत्रा वर आहेच. मार्जिन सोडायचंय, दुसरं काय! काका, ड्रिल आणा, पळा!"

काका या वयात पळाले. मी पळाले. लाकूडवाला म्हणाला, "थांबा, मधे टेकू द्या, नाहीतर डोक्यावर येईल," आणि गाडीतून स्वतःची बल्ली काढून त्याने वाशांना आधार दिला. आता तो आमच्या बाजूने होता की त्याच्या, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. नवरा गुडघ्यावर बसून स्क्रू काढत होता. खांब उचलले, दगड सरकवले, खांब टेकवले. त्या भिंतीच्या फळ्या पुन्हा बसल्या. मागच्या भिंतीच्या एकीवर एक चढलेल्या फळ्या जराजरा सरकवल्या तर त्यांनी ते अंतरही झाकून टाकलं! मी टाळ्याच वाजवल्या. वासे आता खांबाला बरोब्बर टेकले, मिशा गायब.

फळी आत सरकवली. गेली. सगळी गेली. शिवाय बोटभर जागा उरली.

मी आईंना मिठी मारली आणि त्यांच्या गळ्यातली टेप माझ्या गळ्यात अडकली. काका दारातून उगाचच आतबाहेर करत होते, आपलं दार आपल्याला बसतंय का ते बघत. लाकूडवाल्याने स्वतः पट्ट्या कापल्या, फळ्यांच्या मधे ठेवल्या आणि एकेक फळी रचून दाखवली. "वारा खेळला पाहिजे. आणि मावशी, वर्षभर हात लावायचा नाही. ओलं लाकूड घाईत वापरलं की वाकतं."

"वर्षभर?" नवऱ्याने आईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं, आता आईंचा चेहरा उतरणार.

"चालेल की," आई म्हणाल्या. "तोवर टेबलाचे पाय करू. खिडकीला कडी करायची आहे. सिमेंट आहे. ढीग कामं आहेत." आणि चहा ठेवायला मला आत पिटाळलं.

चहा घेऊन आले तेव्हा गाडी नुसत्या फांद्या घेऊन निघाली होती. नव्या खोलीत आई उभ्या होत्या, ताठ, खिडकीतून ऊन अंगावर घेत. नवऱ्याने गोदामाच्या उरलेल्या वाशाचा एक तुकडा दोन दगडांवर ठेवला होता आणि आईंच्या कोपराशी टेप लावून, जीभ बाहेर काढून, टेबलाच्या पायाचं माप घेत होता. खडूने रेघ मारली. करवत उचलली. रेघेवर ठेवली. मग उचलून रेघेच्या बाहेर नेली आणि मान वर न करता विचारलं,

"आई, मार्जिन किती ठेवू?"

आईंनी क्षणभर त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"वाढत्या अंगाचं ठेव."